मिस्टर एक्स्पायर झालेत

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी प्रेमकथा लिहायला घेतली आणि ती तीन वेळा पडली. पडली म्हणजे साभार परत वगैरे नाही आली, माझ्याच हातातून पडली. गोष्ट तशी साधी होती. अडतीस वर्षांची बाई, नवरा जाऊन दीड वर्ष झालंय, मुलगी सातवीत, आणि ऑफिसमधला एक बरा माणूस. बास एवढंच. प्रेमकथा मी बऱ्याच लिहिल्यात, लोकलमध्ये मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिते, डोंबिवली ते मुलुंड, बसायला मिळालं तर पान-दीड पान होतं आणि उभं राहावं लागलं तर फक्त डायलॉग होतात कारण एका हाताने टाईप करताना वर्णनं सुचत नाहीत. तर मग याच गोष्टीला काय धाड भरली होती कळेना.

त्यातून माझी नोकरी बँकेत. आणि गेली चार वर्षं माझ्याकडे जे टेबल आहे त्याला आमच्या ब्रँचमध्ये डेथ क्लेमचं टेबल म्हणतात. म्हणजे दुःख हा विषय माझ्यासाठी काही लांबचा नाही, रोज साडेदहा वाजता समोरच्या खुर्चीत येऊन बसतो. लोक येतात, पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढतात, आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं, "मॅडम, मिस्टर एक्स्पायर झालेत."

वारले नाही, गेले नाही, निधन तर कुणीच म्हणत नाही. एक्स्पायर. औषधाच्या स्ट्रिपवर असतं तसं. सुरुवातीला मला तो शब्द फार खटकायचा, मराठीची काळजी वगैरे वाटायची, एकदा तर मी मनातल्या मनात दुरुस्तसुद्धा केलं होतं. मग हळूहळू लक्षात आलं की हा शब्द लोकांनी खास काउंटरसाठी ठेवलेला आहे. 'गेले' म्हणायला गेलं की घसा धरतो. एक्स्पायर म्हणताना धरत नाही. गरम पातेलं आपण सांडशीने धरतो ना, तसं हे वाक्य त्या परक्या शब्दाने धरून माझ्या टेबलावर आणून ठेवतात, आणि मग पुढच्या दहा मिनिटांत कधीतरी, पत्ता सांगताना किंवा सही करताना, सांडशी सुटते.

आणि माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये माझी नायिका काय म्हणत होती? "माझे पती आता या जगात नाहीत." ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये! चहाचा कप हातात घेऊन! कोण बोलतं असं? चार वर्षांत माझ्यासमोर एकही बाई असं बोललेली नाही, आणि तरी लिहायला बसल्यावर हात आपोआप तिकडे गेला, कारण प्रेमकथेत दुःख आलं की आपण उगाच आवाज बदलतो.

आईला मी सगळं आधी वाचायला देते. ती पोस्टात होती, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. मोबाईलवर वाचायला तिला आवडत नाही म्हणून प्रिंट काढून न्यावी लागते (बँकेच्या प्रिंटरवर नाही हां, खालच्या झेरॉक्सवाल्याकडे). बाबा २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून ती एकटीच राहते, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, जुन्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट नाही, आणि आमच्याकडे ये म्हटलं की "तुमच्याकडे पाण्याला प्रेशर नाही" असं काहीतरी कारण सांगते.

पहिल्या ड्राफ्टमधला गेलेला नवरा, समीर, कसा होता सांगते. शुक्रवारी गजरा आणायचा. बायकोच्या वाढदिवसाला न सांगता सुट्टी टाकायचा. मुलीचा अभ्यास घेताना कधी आवाज चढला नाही. गिटार वाजवायचा. गिटार मी का टाकली देव जाणे, आमच्या अख्ख्या नात्यात कोणाला वाजवता येत नाही.

आईने वाचलं, कागद नीट घडी घालून टीव्हीवर ठेवले आणि म्हणाली, "हा मेल्यावर एवढा चांगला झाला का गं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे हिचं याच्याशी कधी भांडणच झालं नाही? मग हिला आठवतं तरी काय?"

मी म्हटलं, अगं चांगल्या गोष्टी आठवतात ना माणसाला. तर म्हणाली, "मला तर ह्यांच्या दुधाची आठवण पहिली येते. गॅसवर ठेवायचे आणि पेपर घेऊन बसायचे. रोज उतू. रोज! पस्तीस वर्षं ओटा पुसलाय मी. आता दूध उतू जात नाही." एवढं बोलून ती मेथी निवडायला बसली आणि मला वाटलं विषय संपला. मग खाली बघूनच म्हणाली, "ते गेले त्याच्या चौथ्या का पाचव्या रात्री मी सलग सहा तास झोपले. इतकी वर्षं घोरणं ऐकत झोपायची सवय, मधेच उठून त्यांना कुशीवर वळवायची सवय. सकाळी जाग आली तर इतकं हलकं वाटत होतं अंग, आणि मग कळलं का वाटतंय ते."

मी गप्प. सहा वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "कोणाला सांगू? मावशीला? ती म्हणाली असती, बाई सुटली."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मी तिची मुलगी कमी आणि लेखिका जास्त होते. डोक्यात लगेच, हे घ्यायचं. विचारलं तिला, वापरू का. मला वाटलेलं चिडेल. ती म्हणाली, "वापर, पण घोरणारा माणूस जरा बारीक दाखव, नाहीतर सगळ्या बिल्डिंगला कळेल."

तर दुसरा ड्राफ्ट. समीरला माणूस बनवायचं म्हणून भांडणं घातली, आणि तिथे माझा तोल दुसरीकडे गेला. गजरा काढला आणि त्याच्या जागी त्याला तिरसट केला, पैशाला घट्ट केला, तिच्या नोकरीवरून टोमणे मारणारा केला, आणि लिहिता लिहिता मला स्वतःलाच फार बरं वाटायला लागलं. आता नायिका नव्या माणसाच्या प्रेमात पडली तर कोणाला काही वाटणार नाही! पहिला वाईट होता ना, मग दुसरा हक्काचा. वाचकाच्याही मनाला टोचणी नाही आणि माझ्याही. हा शॉर्टकट आपल्याकडे सिरियलवाले किती वर्षं वापरतायत, मी त्यांना नावं ठेवत ठेवत तोच रस्ता धरला.

यावर विचार करताना मला एक गोष्ट लक्षात आली, चुकत असेन तर सांगा. मराठीत विधवेच्या दुसऱ्या लग्नाची परंपरा तशी जुनी आहे, बोलण्याची म्हणते मी, कायदा तर १८५६ सालीच झाला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, मुरुडकरांनी वाळीत टाकलं, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण गोदूबाई विधवा झाल्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. म्हणजे त्या पहिल्या नवऱ्याची आठवण यायला तो माणूस त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. त्या काळातल्या कितीतरी बालविधवांचं असंच असणार. त्यांचं दुःख होतं ते केशवपनाचं, लाल आलवणाचं, अंधाऱ्या माजघराचं, लोकांनी दिलेलं. त्या माणसासाठीचं नव्हतं. आणि कर्व्यांची पहिली बायको राधाबाई १८९१ मध्ये गेल्या होत्या, संसार झालेला होता, मूल होतं, म्हणजे त्या लग्नात गेलेल्या माणसाची आठवण कुणाकडे असेल तर ती नवऱ्याकडे. पण सगळी चर्चा बाईच्या कपाळाची.

मला वाटतं आपल्या भाषेला तिथून विधवेचा 'प्रश्न' मिळाला, आणि तो फार मोलाचा मिळाला, पण विधवेची आठवण लिहायची सवय त्या मानाने कमी लागली. कारण आजची अडतीस वर्षांची बाई चौदा वर्षं त्या माणसाबरोबर राहिलेली असते. एका बेसिनमध्ये दात घासलेले असतात, एका कर्जाचे हप्ते भरलेले असतात. तिला नवीन माणूस आवडला तर मधे समाज उभा असतोच, पण समाजाच्या आधी तो चौदा वर्षांचा माणूस उभा असतो, आणि तो व्हिलन नाहीये.

समाजाचंही बदललंय तसं, निदान कागदावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं. मला तो ठराव फार आवडला होता. पण डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये बांगड्या फोडायला कोणी येत नाही. इथे काय होतं, तर संक्रांतीनंतर सोसायटीच्या बायका हळदीकुंकवाला एकमेकींना बोलवायला निघतात आणि एका दाराची बेल वाजवायची विसरतात. विसरतात, बरं का. मुद्दाम नाही. नंतर वाण तेवढं घरी पाठवतात, प्लास्टिकचा डबा असतो किंवा चहाची गाळणी. आईकडे अशा चार गाळण्या आहेत. हे असलं काही तुम्ही ठरावात कसं पकडणार? पण गोष्टीत पकडता येतं, आणि मी गोष्टीत घातलं, दुसऱ्या ड्राफ्टमधलं एवढंच शेवटपर्यंत टिकलं.

तिसऱ्या ड्राफ्टमध्ये प्रॉब्लेम नायकाचा. त्याला मी इतका समजूतदार केला की तो माणूस वाटेना, काउन्सेलर वाटायला लागला. "मी त्याची जागा घ्यायला आलेलो नाही," हे वाक्य त्याच्या तोंडात होतं. हे वाक्य मी स्वतः याआधी दोन कथांमध्ये वापरलंय, लाज वाटते सांगायला. मग मी त्याला थोडा वाईट करायचा प्रयत्न केला, फोटोवरून भांडायला लावलं, तेही खोटं वाटलं, कारण भिंतीवरच्या फोटोवरून भांडण व्हायला आधी तो त्या भिंतीपर्यंत पोचायला हवा ना, हे दोघं अजून पोह्यांच्या गाडीपर्यंतच आलेले.

आणि ते पोहेच कामाला आले. समीरला पोह्यातले शेंगदाणे आवडायचे, इतके की बायको आपल्या बशीतले वेचून त्याच्या बशीत टाकायची, चौदा वर्षांची हाताची सवय. आता ऑफिसखालच्या गाडीवर ती या नव्या माणसाशी बोलता बोलता सहज चमच्याने शेंगदाणे वेचते आणि त्याच्या बशीत टाकते. बघतसुद्धा नाही. या माणसाला शेंगदाण्याने ॲसिडिटी होते. तो एक सेकंद थांबतो आणि खातो. रात्री गोळी घेतो. असं तीन आठवडे चालतं.

हे लिहिलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हां, आता ही प्रेमकथा आहे. त्याला कळलंय की ते शेंगदाणे त्याचे नाहीत. पण तिने हात पुढे केला तो तर त्याच्याच बशीकडे ना?

आईला हे अजिबात पटलं नाही. ती म्हणाली, "सांगायला पाहिजे त्याने. नाहीतर उद्या लग्न झाल्यावर काय रोज गोळ्या खाणार?" मी म्हटलं अगं तो तिला दुखवायला घाबरतोय. "मग तो घाबरट आहे, प्रेम कुठंय त्यात." यावर आमचं चांगलं अर्धा तास वाजलं. मला अजूनही वाटतं की त्यात प्रेम आहे, आणि अजूनही वाटतं की आईचं बरोबर आहे. कथेत शेवटी तो सांगतो, पण चौथ्या आठवड्यात.

मधेच एक सांगते, विषय सोडून नाही. ग्राहकांबद्दल मी कधी लिहीत नाही, नियम म्हणून नाही आणि माणुसकी म्हणूनही नाही. हे जे सांगणार आहे ते एका माणसाचं नाही, दोन-तीन जणांचं मिळून एक केलंय. बायको गेल्यावर एक गृहस्थ आले, तिच्या खात्यात फार काही नव्हतं, पाच-सहा हजार असतील, कागद सगळे पूर्ण. आता कागद पूर्ण दिले की पंधरा दिवसांत क्लेम निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, म्हणजे अडचण काही नव्हती. त्यांना पैशाचं काही नव्हतं. त्यांना स्टेटमेंट हवं होतं, शेवटच्या सहा महिन्यांचं, छापील. मी काढून दिलं आणि ते तिथेच उभं राहून वाचायला लागले. तुम्हाला माहितीये ना यूपीआय आल्यापासून पासबुकात कसल्या एंट्र्या येतात. वीस रुपये, भाजीवाल्याचं नाव. एकशे ऐंशी, ब्लाउज शिवणारीचं नाव. साठ रुपये कुणा अनोळखी माणसाला, तो रिक्षावाला असणार. ते बोटाने ओळ ओळ खाली येत होते आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हे चाळीस रुपये बघा, दर मंगळवारी आहेत. कसले असतील?" मला काय माहीत? त्यांनाही माहीत नव्हतं. चाळीस रुपये, दर मंगळवारी, कुठल्यातरी माणसाला. देवळाबाहेरचा फुलवाला असेल. पण तो माणूस ज्या कुतूहलाने विचारत होता ना, ते संशयाचं नव्हतं, अगदी साधं होतं, लग्न ठरल्यावर मुलीची माहिती काढतात तसं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोबद्दल नवीन काहीतरी कळलं याचा त्यांना जवळजवळ आनंद झाला होता.

हे मी कथेत घातलं नाही. घालता आलं नाही, ते दुसऱ्याचं आहे आणि दुसऱ्या गोष्टीतलं आहे. पण तेव्हापासून मला वाटतं की माणूस गेल्यावर त्याच्यावरचं प्रेम जिथल्या तिथे थांबतं असं आपण धरून चालतो ते चूक आहे. ते पुढे चालू राहतं, वाढतं, कधी कमी होतं, कधी त्याच्यावर नव्याने राग येतो. एफडीची पावती कुठे ठेवली ते सांगून गेला नाही म्हणून तर रोज कोणीतरी कोणावर तरी चिडलेलं माझ्या समोर बसलेलं असतं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही, फक्त सांभाळणारा, पुढे वारसांना द्यायचं, हे समजावून सांगताना माझा निम्मा दिवस जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. परवा एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं, तो फॉर्म भरत होता, ती शेजारी बसून मान न हलवता फक्त डोळे वळवून बघत होती, आईला किती टक्के आणि मला किती. त्याने पेन दोनदा उचललं. प्रेमकथा म्हणतात ती हीच, दुसरं काय?

परत दुःखाकडे येते. आपल्याला ते एका सीनमध्ये बसवलेलं आवडतं, ही आपली खोड आहे. कवी अनिलांची ती रुसव्याची प्रसिद्ध कविता आहे ना, कुमार गंधर्वांनी गायलेली, तिच्याबद्दल एक फॉरवर्ड दरवर्षी कुठल्यातरी ग्रुपवर येतो. कवी बाहेरून घरी येतो, बायको निजलेली, हाक मारतो, उठत नाही, ती गेलेली असते, आणि तिथेच शेजारी बसून तो कविता लिहितो. खाली रडणारे चेहरे. अहो, ती कविता अनिलांची बायको, कुसुमावती, हयात असतानाची, त्या गेल्या १९६१ मध्ये! आणि ती नुसती वाचली तरी कळतं की हा जिवंत माणसाचा रुसवा आहे, प्रेताशेजारी बसून कोणी इतक्या लाडाने बोलत नाही.

आणि खरं जे आहे ते त्या फॉरवर्डपेक्षा किती मोठं आहे बघा. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, पहिल्या स्त्री अध्यक्ष, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७२ मध्ये, दोघांची तरुणपणीची, लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' म्हणून पुस्तकात आली. अनिल तेव्हा सत्तरीचे. मला त्यातलं रडणं नको, मला प्रुफं हवीत. सत्तर वर्षांचा म्हातारा टेबलाशी बसलाय, पन्नास वर्षांपूर्वी आपणच लिहिलेलं प्रेमपत्र वाचतोय, आणि त्यातल्या वेलांट्या तपासतोय. प्रुफं त्यांनी स्वतः बघितली की नाही ठाऊक नाही, हा माझ्या मनातला सीन. पण प्रेम आणि दुःख एका खोलीत बसलेले मला दाखवायचे असतील तर मी असेच दाखवीन, हातात लाल पेन देऊन.

आता चौथा ड्राफ्ट.

तो मला आईच्या कपाटात मिळाला. दसऱ्याच्या आधी तिच्या गॅसचं बुकिंग होत नव्हतं म्हणून मी बघायला गेले, तर ती म्हणाली ओटीपी दुसऱ्या फोनवर येतो. कुठल्या दुसऱ्या? तिने लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या मागून बाबांचा जुना बटणांचा फोन काढला. चार्ज केलेला. चालू. मी बघतच राहिले. गॅस त्यांच्या नावावर, लाईटबिलाचा मेसेज त्यावर, म्हणून नंबर चालू ठेवलाय म्हणाली. मी बँकेतल्या टेबलाच्या आवाजात म्हटलं, अगं मृत्यू दाखला दाखवून नाव बदलता येतं, एक फॉर्म आहे, मी करून देते. ती म्हणाली बरं. आणि मग मी म्हटलं मग हा फोन बंद करून टाकू.

"नंबर दुसऱ्याला देतात ना मग?"

हो, म्हटलं, रिचार्ज केला नाही तर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे कधीतरी दुसऱ्या कोणाला मिळतो.

"मग नको. ह्यांच्या नंबरवर दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो येईल."

तिच्या व्हॉट्सॲपमध्ये, म्हणजे. बाबांचं व्हॉट्सॲप नव्हतंच कधी, त्या नंबरला साधा राखाडी गोल आहे. त्या राखाडी गोलात कोणीतरी बाईकवर बसलेला मुलगा येईल याची तिला भीती वाटत होती. सहा वर्षं ती कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे जाऊन रोख पैसे देऊन तो नंबर रिचार्ज करत होती आणि मला, जी रोज लोकांना खाती बंद करायला मदत करते तिला, पत्ता नव्हता.

घरी येताना जिन्यातच मी नोट्स उघडल्या.

चौथ्या ड्राफ्टमध्ये माझ्या नायिकेकडे समीरचा नंबर चालू आहे. कारण तेच, ओटीपी, मुलीच्या शाळेचे मेसेज, सोसायटीचं मेंटेनन्स, एक एक बदलत जायचंय आणि बदलत नाहीये. नायकाला ते कसं कळतं, तर ती तापाने आडवी आहे, मुलगी शेजारच्या काकूंकडे, हा डबा घेऊन आलाय, आणि टेबलावरच्या त्या दुसऱ्या फोनवर मेसेज वाजतो, प्लॅन आज रात्री संपतोय. तो वाचतो. नावही वाचतो. माझ्या आधीच्या सवयीप्रमाणे मी इथे त्याच्या तोंडी एक परिच्छेद टाकला होता, आता पुढे जायला हवं, त्यालाही हेच आवडलं असतं वगैरे, आणि तो मुलुंड यायच्या आत खोडला. मग काय करेल हा माणूस? शेंगदाणे खाणारा, घाबरट, आईच्या मते. तो स्वतःच्या फोनवरून त्या नंबरचा रिचार्ज मारतो. आणि सांगत नाही. तिला तीन दिवसांनी ताप उतरल्यावर आठवतं, घाबरीघुबरी होऊन फोन बघते, तर चालू. एवढाच सीन. यानंतर मी त्यांना एकमेकांच्या जवळ आणलं, त्याबद्दल फार बोलत नाही, मराठीत शरीराचं लिहायला बसलं की एक तर संस्कृतचा तास सुरू होतो नाहीतर नाक्यावरची भाषा, मधली भाषा अजून आपल्याला करायचीय. मी लाईट घालवली. अक्षरशः, कथेत त्या दिवशी लोडशेडिंग दाखवलं. पळवाट आहे, माहितीये.

संपादकांचा फोन आला, कथा घेतोय, एकच शंका, ते 'एक्स्पायर झालेत' काढून 'निधन झालंय' करू का, वाचायला बरं वाटेल. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, अहो पण प्रेमकथेत? मी म्हटलं, प्रेमकथेतच. जरा वेळ कोणीच काही बोललं नाही, मग म्हणाले ठीक आहे, ठेवतो.

अंक आला तेव्हा आईला नेऊन दिला. तिने चष्मा पुसला, माझ्या कथेच्या आधीच्या दोन जाहिराती आणि एक राशिभविष्य वाचलं, मग कथा. मी ओट्याशी उभी राहून चहा करत होते, म्हणजे दूध बघत होते. रिचार्जपाशी ती थांबली हे मला पान उलटायचा आवाज आला नाही त्यावरून कळलं. बराच वेळ गेला.

"कितीचा मारला त्याने?"

"काय?"

"रिचार्ज गं. महिन्याचा की तीन महिन्यांचा, लिहिलं नाहीस तू."

मी म्हटलं, तसा विचार नाही केला मी, अठ्ठावीस दिवसांचा असेल साधा.

"छे," आई म्हणाली. "अठ्ठावीसचा मारला तर लगेच पुढच्या महिन्यात परत संपतो, तिला परत धसका. चौऱ्याऐंशीचा मारतात." आणि अंक मिटून, बोट त्या पानात तसंच ठेवून, "ते दूध बघ," म्हणाली.